लोकांचा राग गोळीवर काढू नका भाऊ

यवतमाळकडच्या एका खेड्यात राहतो, बौद्ध वस्तीत घर आहे, गे आहे आणि आठ वर्षांपासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची गोळी, सुरू आहे. म्हणजे लोकांजवळ बोलायला तीन विषय. गावातले जात काढतात, आपल्याच वस्तीतले 'बायल्या' म्हणतात, आणि डेटिंग ॲपवरचे शहरातले पोरं एचआयव्ही आहे सांगितलं की ब्लॉक करतात. हे सगळं सोसून गोळी कशी सुरू ठेवायची तेवढंच लिहून राहिलो.

कारण ज्या दिवशी अपमान होतो त्याच दिवशी गोळी चुकते. मागे एका दवाखान्यात कंपाउंडरनं माझी फाईल वर धरून "एड्सवाला कोण हाय रे?" असा आवाज दिला, बाकावर मामाच्या गावचे दोघं बसले होते, मी उठलो, एसटीत बसलो आणि सव्वा महिना तिकडे फिरकलोच नाही. कंपाउंडरचं काय गेलं? व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, माझा वाढला. अमेरिकेत काळ्या गे लोकांचं पण असंच आहे, तिथं जातीच्या जागी रंग. लॉस एंजेलिसमध्ये एचआयव्ही असलेल्या काळ्या पुरुषांवर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की ज्यांना भेदभाव जास्त सोसावा लागला त्यांच्या गोळ्या जास्त चुकत होत्या, मग तिथं त्यांचे गट बसवून ह्याच विषयावर बोलणं सुरू केलं.

तर गोळीचं आधी. टीएलडीची, म्हणजे आपल्या एआरटीच्या गोळीची, डब्बी खुळखुळते, एसटीत तर सगळ्या सीटला ऐकू जाते, म्हणून आत कापूस कोंबायचा (कापसाची कमी आहे का आपल्याकडे) आणि लेबल सोलून टाकायचं. पण गोळ्या डब्बीतून काढून कागदात बांधू नका, आतली ओल धरणारी पुडी पण फेकू नका. मे महिन्यात टिनाखाली घर तापतं, डब्बी खालच्या गार कोपऱ्यात ठेवा. जेवणाआधी, जेवणानंतर, कधीही चालते, फक्त वेळ एकच ठेवा. सकाळची राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, दोन सोबत नाही. कॅल्शियम, लोहाची गोळी किंवा ॲसिडिटीचं औषध घ्यायचं असलं तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी घ्या नाहीतर सहा तासांनी. कामासाठी बाहेरगावी जायचं असलं तर काउन्सेलरला आधीच सांगा, जास्त दिवसांचं औषध किंवा तिकडच्या सेंटरवर ट्रान्सफर मिळते.

कोणी विचारलंच "कायच्या गोळ्या खातं बे रोज?" तर मी सिकलसेलच्या म्हणतो, तो रक्ताचा आजार. आपल्या भागात त्याच्यापुढे कोणी विचारत नाही, घरोघरी कोणी ना कोणी असतंच. लग्नाच्या बोलणीत मात्र असं खोटं चालत नाही, एखाद्या पोरीला फसवून आपलं सुटत नाही.

गावात एकाच माणसाला खरं सांगा, सगळ्यांना नाही. माझ्या बाबतीत ती मावशी आहे, तिला गे म्हणजे काय ते अजून धड समजलं नाही पण औषध आणायची तारीख तिच्या लक्षात असते. रात्री डोकं फिरलं तर 14416 लावा, टेली मानस, फुकट आहे. एचआयव्हीसाठी 1097. आपल्यासारखे लोक पाहायचे असले तर नागपूरला सारथी ट्रस्ट आहे. आणि आपण घाण आहो असं वाटायला लागलं तर हे आठवा, व्हायरल लोड सापडेनासा होऊन तसाच टिकला की संबंधातून एचआयव्ही पुढे जात नाही. युरोपात 782 गे जोडप्यांचा अभ्यास झाला, 2019 ला छापून आला, त्यात औषध घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. बाकीचे गुप्तरोग होतात, कंडोम ठेवा.

आता कायदा. एचआयव्हीचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. उपचार नाकारणं, कामावरून काढणं, घर न देणं, परवानगीशिवाय टेस्ट करणं, कोणाला सांगणं, ह्या सगळ्याला त्यात मनाई आहे. दवाखान्यात कोणी टाके मारायला नाही म्हटलं तर भांडू नका, "नाही म्हणता ते लिहून द्या जी" एवढंच म्हणा, अर्धे तिथंच नरम येतात. 20 किंवा जास्त स्टाफ असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी असायला पाहिजे, त्याच्या वर राज्याचा लोकपाल, त्यानं 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो. कोर्टात नाव लपवून केस चालवता येते. चारचौघात जातीवरून शिवी दिली तर ॲट्रॉसिटी, ते वेगळं. अनुसूचित जातीच्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन 15100. खरं सांगू, मी स्वतः त्या कंपाउंडरची तक्रार केली नाही. तारीख, वेळ आणि त्याचे शब्द मात्र वहीत लिहून ठेवले, तेव्हापासून प्रत्येक वेळी लिहितो.

एसटीत एचआयव्हीवाल्यांना सवलत आहे, पण कागद दाखवावा लागतो आणि आमच्या लाईनचा कंडक्टर आमच्याच गावचा. पैसे असले की पूर्ण तिकीट काढतो. नसले की पुढच्या फाट्यापर्यंत पायी जातो आणि दुसऱ्या डेपोची गाडी पकडतो.