आंबा कॅनिंगचं वेळापत्रक: कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग कुठे चालतं, कुठे अडतं

मे महिन्यात रत्नागिरीकडच्या कॅनिंग कारखान्यांत हापूसच्या गाड्यांची रीघ लागते. आंबा पिकायचा थांबत नाही आणि पल्पर, म्हणजे गर काढणारं यंत्र, एका वेळी एकच लॉट घेतो. असा क्रम लावायला कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग उत्तम: आपण अटी लिहायच्या, त्या पाळणारं उत्तर संगणक शोधतो. गूगलच्या ओआर-टूल्स या मोफत संचातला सीपी-सॅट सॉल्व्हर (उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) पायथनमधून वापरा.

सीपी-सॅटला पूर्णांकच लागतात. वेळेचे तुकडे पाडा: १५ मिनिटांचं एक घर धरा, म्हणजे आठवड्याची ६७२ घरं होतात. मिनिटाचं घर धरून आकडे फुगवू नका. प्रत्येक लॉटच्या प्रत्येक कामाला एक इंटरव्हल द्या, म्हणजे सुरुवात, लांबी आणि शेवट. पल्परवर नो-ओव्हरलॅप (दोन कामं एका वेळी नाहीत), पिकवण्याच्या खोलीवर क्युम्युलेटिव्ह (एका वेळची बेरीज क्षमतेच्या आत): समजा क्षमता ४०० क्रेट.

इथेच बहुतेकांचं मॉडेल चुकतं. खोलीतल्या इंटरव्हलला पिकण्याचे तेवढेच दिवस देतात. पण पल्पर मोकळा होईपर्यंत क्रेट खोलीतच असतात; कागदावर खोली रिकामी दिसते आणि नवी गाडी दारात उभी राहते. म्हणून त्या इंटरव्हलची लांबी बदलती ठेवा, शेवट पल्पिंगच्या सुरुवातीला बांधा. फळ जास्त पिकून खराब होण्याआधीची शेवटची वेळही घाला. सुरुवातीच्या शक्य वेळा जितक्या आवळाल, तितका सॉल्व्हर लवकर अशक्य पर्यायांची छाटणी करतो.

हापूसनंतर पायरी घेताना मशीन धुवावं लागतं. धुण्याचा वेळ प्रत्येक लॉटला चिकटवू नका, दिवस वाया जातो. सर्किट कन्स्ट्रेंटने, म्हणजे सगळ्या लॉटना एका साखळीत ओवणाऱ्या अटीने, 'याच्यानंतर तो' असे जोड करा आणि जात बदलेल तिथेच वेळ मिळवा.

सगळं काम लवकरात लवकर संपवा, एवढंच उद्दिष्ट असेल तर सॉल्व्हरची पकड चांगली बसते. प्रत्येक लॉटच्या उशिराला दंड लावून बेरीज कमी करायला सांगितली, की बरं उत्तर मिळतं, पण तेच सर्वोत्तम आहे हे सिद्ध व्हायला फार वेळ जातो. पहिल्या, सोप्या उद्दिष्टातही सिद्धता अवघड असू शकते: १० कामं, १० यंत्रं एवढंच असलेलं १९६३ मधलं एक प्रसिद्ध कोडं १९८९ मध्ये पूर्ण सुटलं; सगळं संपायला कमीत कमी वेळ ९३०. म्हणून वेळेची मर्यादा घाला आणि खालची हद्द (याहून कमी उत्तर शक्यच नाही, असा सॉल्व्हरने सिद्ध केलेला आकडा) किती दूर आहे ते बघा.

'इन्फीझिबल', म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही, असं आलं तर नेमकी कोणती अट आड येते, ते आपोआप कळत नाही. प्रत्येक मुदतीला दंड देऊन ती ढिली करा, कुठे फुटते ते दिसेल.

ठरलेल्या भावांत कोणत्या बागेतून किती टन घ्यायचे, हा हिशेब मात्र लिनियर प्रोग्रॅमिंगकडे द्या; तिथे अपूर्णांक चालतात आणि सगळी गणितं सरळ बेरजेची असतात.

वीज गेली, पाऊस लवकर आला, तर सुरू झालेली कामं पक्की करून, जुनं वेळापत्रक हिंट (शोध सुरू करायचा इशारा) म्हणून देऊन पुन्हा चालवा.