चेन एका जागी टाइट, पुढे ढिली: शेवटी असं सुटलं

नाशिकमध्ये पंचवटी ते सातपूर रोजचं जाणं-येणं, पावसाळ्यानंतर बाईकची चेन खडखडायला लागली, चाक हाताने फिरवलं की एका जागी टाइट, पुढे एकदम ढिली. दोनदा ताणून घेतली, ऑइल सोडलं, चार दिवसांत परत तेच. जाम वैताग आला. चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते म्हणून असं होतं, मग ताणून उपयोग नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं) एकत्रच बदला, झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

गाडी मेन स्टँडवर. जुनी चेन असतानाच गिअर टाकून, मागचा ब्रेक दाबून पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट ढिले करा, चेन काढल्यावर तो स्प्रॉकेट धरायला काही राहत नाही. मग न्यूट्रल, चेनचं लॉक (जोडकडीवरची क्लिप) काढून चेन बाहेर, दोन्ही स्प्रॉकेट बदला, मागचं चाक पुढे सरकवून नवी चेन घाला. लॉकचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला, उलटं लागलं तर लॉक निसटू शकतं. चेनची ढिलाई, म्हणजे ती मधोमध वर-खाली किती हलते ते, माझ्या गाडीला मॅन्युअलप्रमाणे २५ मिमी, तीही सगळ्यात टाइट जागी मोजलेली, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या, मगच चाकाचा ॲक्सल नट आवळा.

आता दर ५०० किलोमीटरला रॉकेलने पुसून ९० नंबरचं ऑइल लावतो, चाक हातानेच फिरवून, इंजिन बंद, नाहीतर बोटं जातात.