लिंबाला लिंबू का धरत नाही? घरच्या फळझाडांबाबत या चुका टाळा

आमच्या सोसायटीतल्या काकूंचं लिंबाचं झाड सात वर्षांचं आहे. पानं हिरवीगार, काटे भरपूर, लिंबू एकही नाही. "रोज बादलीभर पाणी घालते हो, एक दिवस चुकवलेला नाही," काकू सांगतात. दुखणं नेमकं तिथेच आहे. सतत ओल मिळाली की लिंबू पालवी फोडत बसतं, फुलाचं नाव काढत नाही. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणारी फुलं, हवा असेल तर डिसेंबरात पाणी तोडायचं आणि पानं मलूल होऊन थोडी गळेपर्यंत थांबायचं. काळ्या जमिनीत याला महिना-सव्वा महिना लागतो, मुरमाड जागेत त्याहून कमी. कुंडीत काही दिवसच पुरतात, तिथे पानांवर रोज नजर हवी. मग आळं हलकं खणून शेणखत द्यायचं, पहिलं पाणी बेताचं आणि पुढची चढती. बियांचं रोप चार-पाच वर्षांच्या आतलं असेल तर मात्र पाणी तोडून ताण देणं वगैरे काही नको, वाढू द्या बिचाऱ्याला.

दुसरी चूक माझी स्वतःची. हौसेने मोसंबीचं कलम आणलं. पहिल्या उन्हाळ्यात ते वाळल्यासारखं झालं आणि पावसात बुडापासून जोमाने फुटलं. जीव वाचला म्हणून आम्ही खूश! चौथ्या वर्षी फळं आली ती खडबडीत सालीची आणि दात आंबवणारी. डोळा, म्हणजे वर बांधलेला मोसंबीचा भाग, कधीच मेला होता; वाढली होती ती ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या खुंटाची जंभेरी, एक आंबट रानटी लिंबू. तेव्हापासून कलम कुठलंही असो, सांध्याच्या खाली आलेली फूट मी दिसताक्षणी खुडतो. लावतानाही सांधा मातीच्या वर राहील असं बघा. तो गाडला गेला तर कुजण्याची भीती असते.

पुण्यात आणखी एक भानगड असते. बंगल्याच्या किंवा इमारतीच्या कडेला आपण ज्याला माती म्हणतो, तो बऱ्याचदा राडारोडा असतो. त्यातल्या चुन्या-सिमेंटने माती अल्कधर्मी होते, वर बोअरचं जड पाणी. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर मुळांना लोह मिळत नाहीये असं समजा. अशा वेळी युरिया ओतून उपयोग नाही. दोन-अडीच फुटांचा खड्डा घेऊन राडा उपसून टाका, पोयटा आणि शेणखत भरा. झाड आधीच लावलेलं असेल तर चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी करा, शक्यतो पावसाचं साठवलेलं पाणी वापरून. कुंडीत नुसती काळी माती भरणंही वाईटच, उन्हात ती विटेसारखी आवळते.

पेरूबद्दल पुणेकराला थोडा अभिमान असायला हरकत नाही. 'सरदार' म्हणजेच लखनौ-४९ ही जात इथल्या गणेशखिंडीतच निवडली गेली. पण पावसाळ्यातला पेरू कापला की आत अळ्या वळवळतात. फळमाशी फळ पक्व होऊ लागलं की सालीखाली अंडी घालते, त्यामुळे पिकल्यावर फवारून काहीही होत नाही. फळं लिंबाएवढी झाली की कागदी पिशव्या बांधा आणि मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा, सापळा टांगा. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून पिशव्या सोडू नका. आणि गळलेली किडकी फळं कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. माझ्या मते जागा कमी असेल तर पावसाळी बहार सरळ खुडून टाकावा, हिवाळ्यातला पेरू जास्त गोड लागतो.

डाळिंब तडकतं ते बहुतेकदा आठवडाभर कोरडं ठेवून मग एकदम पाणी दिल्यामुळे. पपईचं एकच रोप लावलं आणि ते नर निघालं, तर लांब दांड्यांवर फुलंच लोंबत राहतात. तीन-चार रोपं लावा, फुलं आली की कुठलं ठेवायचं ते ठरवा.

काकूंनी यंदा डिसेंबरात पाणी तोडलं खरं. नवव्या दिवशी राहवलं नाही, म्हणून तांब्याभर घातलंच.