दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरच्या शिफ्टचं कॅलिब्रेशन मशीन लर्निंगकडून कसं करून घ्यायचं

कॅलिब्रेशन म्हणजे शिफ्टच्या प्रेशरचे आणि वेळांचे आकडे जुळवणं. अख्खा गिअरबॉक्स एकदम मशीनच्या हवाली करू नका. एकच शिफ्ट घ्या. इथे झेडएफच्या ६एचपी२६ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरची पॉवर-ऑन (पेडल दाबलेलं असतानाची) शिफ्ट घेतली आहे. ‘सी’ ब्रेक सुटतो, ‘बी’ क्लच धरतो आणि गिअर रेशो २.३४० वरून १.५२१ वर येतो. टर्बाइन (टॉर्क कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू) २००० आरपीएमवर असेल तर शिफ्ट संपताना ती साधारण १३०० वर यायला हवी. पेडल २५ टक्के, ऑइल ८० ते ९० अंश सेल्सिअस. या चौकटीबाहेरची शिफ्ट डेटात घ्यायची नाही.

बदलायच्या गोष्टी सहा: ‘बी’चा फिल टाइम (क्लचमध्ये ऑइल भरण्याचा वेळ), फिल प्रेशर, किस पॉइंटचं (प्लेट्स नुसत्या टेकतात त्या क्षणाचं) प्रेशर, टॉर्क फेजमधला (टॉर्क ‘सी’कडून ‘बी’कडे जातो त्या टप्प्यातला) प्रेशरचा रॅम्प, ‘सी’ सोडण्याची वेळ आणि इंजिन टॉर्कमधली कपात.

सुरुवातीलाच टीसीयूचं (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचं) ॲडॅप्टेशन, म्हणजे आपले आकडे आपणच सुधारत राहणं, गोठवा. ते चालू राहिलं तर तुम्ही फिल टाइम १० मिलिसेकंदांनी वाढवाल आणि टीसीयू तो हळूहळू मागे ओढेल. मॉडेलची समजूत होईल की फिल टाइमने काही फरकच पडत नाही. नवे आकडे फक्त वर्किंग पेजवर (तात्पुरत्या मेमरीत) लिहा, फ्लॅशमध्ये (कायमच्या मेमरीत) नाही. म्हणजे काही बिनसलं तर एका क्लिकवर मूळ कॅलिब्रेशन परत येतं.

सीट रेलवर ॲक्सेलरोमीटर बसवा आणि तो १००० हर्ट्झवर नोंदवा. टर्बाइन आणि आउटपुट स्पीड १० मिलिसेकंदांनी पुरेत, पण सगळ्या चॅनेलचं घड्याळ एकच हवं. तीस मिलिसेकंदांचा फरक पडला तरी फिलमधला धक्का टॉर्क फेजच्या खात्यावर जातो. चेसिस डायनोवर गाडी पट्ट्यांनी बांधलेली असते, त्यामुळे तिथे सीट रेलचा आकडा फसवा. ड्राइव्हशाफ्टचा टॉर्क मोजा.

आता मूळ कॅलिब्रेशनवर तीच शिफ्ट २० वेळा घ्या, पेडल रोबोटने दाबून. या वीस शिफ्टमधलाच फरक मोठा असेल तर पुढे जाऊ नका, कारण मॉडेल तो गोंधळच शिकेल.

खरी मेहनत गुणांकनात आहे. नुसता झटका कमी करायला सांगितलंत तर मशीन शिफ्ट लांबवत नेईल: गाडी लोण्यासारखी चालेल आणि क्लच जळेल. म्हणून झटका आणि शिफ्टचा वेळ यांचे गुण धरा (जितके कमी तितकी शिफ्ट चांगली), आणि घर्षणऊर्जेवर (क्लचचा टॉर्क गुणिले स्लिप स्पीड, पूर्ण शिफ्टभर बेरीज) कडक मर्यादा घाला. ती क्लच डिझाइनवाल्यांकडून घ्या, अंदाजाने ठरवू नका. फ्लेअरही (मध्येच पकड सुटून टर्बाइनचा वेग उसळणं) वेगळा मोजा. रेशो २.३४० च्या वर गेला, म्हणजे ‘सी’ लवकर सुटला किंवा ‘बी’ अर्धवट भरला. उलट ‘सी’ उशिरा सुटला तर दोन्ही एकमेकांना अडवतात आणि ॲक्सेलरेशनमध्ये खोल खड्डा दिसतो. टॉर्क फेज सुरू व्हायच्या आधीच छोटा ठोका दिसला तर बहुधा फिल जास्त झालाय.

सहा पॅरामीटरना सोबोल पद्धतीने (सगळ्या व्याप्तीत सारखे पसरलेले) ३५ ते ४० बिंदू, म्हणजे आकड्यांचे संच, घ्या, प्रत्येकी तीन शिफ्ट. दर दहा बिंदूंनी मूळ कॅलिब्रेशनवर परत या, म्हणजे ऑइल तापून आकडे सरकतायत का ते कळतं. फ्लेअर १५० आरपीएमच्या वर गेला की चाचणी आपोआप थांबायला हवी.

एवढ्या थोड्या डेटावर न्यूरल नेटवर्क लावण्यात अर्थ नाही. गॉशियन प्रोसेस (अंदाजासोबत त्याची अनिश्चितताही सांगणारं मॉडेल) घ्या, मॅटर्न ५/२ कर्नल (दोन बिंदूंचे निकाल किती सारखे धरायचे ते ठरवणारं सूत्र), प्रत्येक पॅरामीटरला वेगळी लेंग्थ स्केल (किती बदलल्यावर निकाल हलतो ते अंतर). गुणांचं एक मॉडेल, फ्लेअरचं दुसरं, ऊर्जेचं तिसरं. मग बेझियन ऑप्टिमायझेशन या मॉडेलांच्या आधारे पुढचा तपासायचा बिंदू सुचवत जातं. सुचवलेला बिंदू दरवेळी ठरवलेल्या सीमेलाच चिकटत असेल तर सीमा वाढवण्याआधी गुणांकन तपासा. चूक बहुतेक तिथेच सापडते.

शेवटी सगळ्यात कमी गुणांचा बिंदू डोळे मिटून उचलू नका. तो बरेचदा कड्याच्या टोकावर असतो: फिल टाइम १० मिलिसेकंद इकडे-तिकडे झाला की फ्लेअर. सोलेनॉइड (ऑइलचं प्रेशर सांभाळणारे विजेचे व्हॉल्व्ह) गाडीगणिक थोडे वेगळे वागतात, त्यामुळे आसपास गुण फारसे न बदलणारा, जरा सपाट भागातला बिंदू निवडा. मग ॲडॅप्टेशन चालू करून तोच संच दुसऱ्या गाडीवर ट्रॅकवर पळवा, आणि चालकाला कोणतं कॅलिब्रेशन चढवलंय ते न सांगता १ ते १० मध्ये गुण द्यायला लावा.