कमबॅक प्लेअर कोण होणार हे सप्टेंबरपासून कसं ताडायचं (आणि ग्रुपमध्ये पैज कशी लावायची)

पुण्यात एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघणारे आता बरेच झालेत, हिंजवडी-खराडीला यूएस शिफ्ट करणाऱ्यांना तर सोमवारी क्लायंटशी काय बोलायचं म्हणून बघता बघता नाद लागतो. आणि नाद लागला की पैजा आल्याच. आता एमव्हीपीवर, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूवर, पैज लावण्यात काय मजा नाय, डिसेंबर उजाडेपर्यंत दोन-तीनच नावं उरतात आणि ती शेंबड्या पोरालाही माहीत असतात. लावायची तर कमबॅक प्लेअर ऑफ द इयरवर लावा, कारण तिथे नुसते आकडे बघून भागत नाही, गेल्या वर्षी हा माणूस कुठे होता, का नव्हता, आणि मत देणाऱ्या पन्नास पत्रकारांना त्याचं परत येणं कितपत पटलंय हे सगळं बघावं लागतं. आम्ही कोथरूडचे काही जण दर सीझनला हे खेळतो, हरेल त्याने सगळ्यांना मिसळ खायला घालायची, त्यातून जे काय डोक्यात बसलंय ते लिहितोय.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांनी ऋषभ पंत आठवा. ३० डिसेंबर २०२२ ला गाडीचा अपघात, २०२३ अख्खं वर्ष गेलं, २०२४ मध्ये आधी आयपीएल आणि मग थेट टी-२० वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीममध्ये. असा माणूस एनएफएलमध्ये हुडकायचा, बाकी काही नाही.

पहिलं काम म्हणजे पैज नक्की कुठल्या अवॉर्डवर ते ठरवून घ्या, नाहीतर फेब्रुवारीत भांडणं होतात. कमबॅकची अवॉर्डं एकापेक्षा जास्त आहेत. प्रो फुटबॉल रायटर्स ऑफ अमेरिका ही लेखक मंडळींची संघटना १९७२ पासून आपलं वेगळं देते. पण एनएफएल ऑनर्सच्या (लीगच्या बक्षीस समारंभाच्या) स्टेजवर सूटबूट घालून जे देतात ते असोसिएटेड प्रेसचं, म्हणजे एपीचं. एपीने साठच्या दशकात काही वर्षं देऊन मग बंद केलं होतं, १९९८ पासून सलग चालू आहे, त्या वर्षी बफेलोच्या डग फ्लूटीला मिळालं जो आधी कित्येक वर्षं कॅनडात खेळत होता. सगळीकडे तेच नाव येईल असं नसतं, त्यामुळे 'एपीचं' असं ग्रुपवर लिहूनच टाका. आणि वर्षाचा घोळ पण आधीच मिटवा, २०२४ चं अवॉर्ड म्हणजे २०२४ च्या सीझनचं, जाहीर झालं फेब्रुवारी २०२५ मध्ये.

आता मुद्द्याचं. कमबॅक कशाला म्हणायचं यावरून तिकडे पण बरीच वर्षं वाद होते आणि ते वाद माहीत नसतील तर तुमचा अंदाज चुकणारच. पूर्वी दोन जातीचे लोक जिंकायचे. एक म्हणजे दुखापतीतून, आजारातून उठलेले. टेडी ब्रुस्कीला फेब्रुवारी २००५ मध्ये स्ट्रोक आला आणि त्याच वर्षी तो परत मैदानात. कॅन्सस सिटीच्या एरिक बेरीला डिसेंबर २०१४ मध्ये हॉजकिन्स लिम्फोमाचं निदान झालं आणि २०१५ मध्ये हा बाबा नुसता परत आला नाही तर ऑल-प्रो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात, निवडला गेला. दुसरी जात म्हणजे करिअर गाळात गेलं होतं ते वर आलेले. टॉमी मॅडॉक्स मधल्या काळात चक्क इन्शुरन्स विकायचा, २००२ मध्ये पिट्सबर्गकडून जिंकला. २०२२ चा जीनो स्मिथ तसाच, त्याला काही झालं नव्हतं, तो फक्त वर्षानुवर्षं बेंचवर बसून होता आणि सिएटलने संधी दिल्यावर ६९.८ टक्के पास पूर्ण करून लीगमध्ये पहिला आला. तेव्हाच बऱ्याच जणांनी म्हणायला सुरुवात केली की अरे हा कमबॅक कुठे, हा तर उशिरा उगवला!

आणि मग २०२३. हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळी गोम यात आहे.

२ जानेवारी २०२३, सोमवारची मॅच, सिनसिनाटीत. बफेलोचा डमार हॅमलिन एक टॅकल करून उठला आणि तिथेच कोसळला, हृदय बंद पडलं होतं, मैदानावरच सीपीआर दिला, मॅच थांबली ती नंतर रद्दच झाली. तो वाचला आणि २०२३ च्या सीझनला टीममध्ये परत आला, पण खेळला पाचच गेम. त्याच वर्षी क्लीव्हलंडचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जखमी झाला म्हणून त्यांनी नोव्हेंबरात ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला घरून बोलावलं, अक्षरशः घरीच होता तो. पाच गेममध्ये सुरुवातीपासून खेळला, चार जिंकले, १३ टचडाऊन (आपल्या फुटबॉलच्या गोलसारखं), टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीत. आता सांगा, मरता मरता वाचून परत आलेला मोठा का पाच आठवडे झकास खेळलेला मोठा? आमच्या ग्रुपवर सगळे हॅमलिन म्हणत होते.

जिंकला फ्लॅको. कसा, ते बघा. एपीचे पन्नास मतदार २०२२ पासून एकच नाव देत नाहीत, तीन नावं क्रमाने देतात, पहिल्याला ५ पॉइंट, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. हॅमलिनला पहिल्या नंबरची मतं २१ आणि फ्लॅकोला फक्त १३. पण फ्लॅकोला दुसऱ्या नंबरची २६ मिळाली आणि हॅमलिनला ७. फ्लॅकोचे झाले ६५ अधिक ७८ अधिक तिसऱ्या नंबरचे ८, एकूण १५१. हॅमलिनचे १०५ अधिक २१ अधिक १४, एकूण १४०. म्हणजे हॅमलिनवर प्रेम करणारे जास्त होते पण त्याला यादीतच न घेणारे पण होते, आणि फ्लॅकोला जवळजवळ प्रत्येकाने कुठे ना कुठे बसवलं होतं. म्हणून माझं म्हणणं असं की 'पहिला कोण' हा प्रश्न विचारूच नका, असा माणूस शोधा ज्याचं नाव तीनमधून वगळायला कोणाचाच हात धजावणार नाही.

यावरून बराच गदारोळ झाला आणि २०२४ च्या सीझनला एपीने मतदारांना स्पष्ट सांगितलं की आजारपण, दुखापत किंवा तशाच कारणाने ज्याला आदल्या सीझनला खेळायला मिळालं नाही आणि जो त्यावर मात करून परत आला त्याच्यासाठी हे अवॉर्ड आहे. झालं, गाळातून वर आलेल्यांचं दार जवळजवळ बंद. सॅम डार्नोल्डने २०२४ ला मिनेसोटाला १४ गेम जिंकून दिले, जुन्या हिशेबाने तोच पुढे असता, पण आदल्या वर्षी तो दुसऱ्या टीमचा धडधाकट बॅकअप होता त्यामुळे मागे पडला. अवॉर्ड गेलं जो बरोकडे, ज्याचं मनगट नोव्हेंबर २०२३ मध्ये गेलं होतं आणि जो परत येऊन ४,९१८ यार्डांचे पास आणि ४३ टचडाऊन करून दोन्हीत लीगमध्ये पहिला. २०२१ चं पण त्यालाच होतं गुडघ्यानंतर. दोनदा जिंकणारे चॅड पेनिंग्टन आणि हा.

तर यादी करायची ती अशी. गणपतीच्या सुमारास वीक १ असतो, त्याच्या आधी एक वही नाहीतर शीट उघडा आणि आदल्या सीझनला आयआरवर, म्हणजे इंजर्ड रिझर्व्ह या जखमींच्या यादीवर, गेलेले नावाजलेले खेळाडू लिहून काढा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: किती गेम चुकले, काय झालं होतं, पोझिशन काय. नावाजलेलेच का, तर मतदार पत्रकार आहेत, ज्याचं जाणं कोणाच्या लक्षात नाही त्याचं येणं पण नाही येत.

किती गेम चुकले याला लोक फार हलक्यात घेतात. २०१२ ला एड्रियन पीटरसन २,०९७ यार्ड धावला, एमव्हीपी झाला, आणि आदल्या डिसेंबरात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. याच्यापेक्षा मोठा कमबॅक काय असतो? पण दुसरीकडे पेटन मॅनिंग होता, मानेच्या ऑपरेशनमुळे २०११ पूर्ण बाहेर, जुन्या टीमने सोडून दिलेला, डेन्व्हरला जाऊन १३ गेम जिंकून दिले. पीटरसन २०११ ला १२ गेम खेळलेला. कमबॅक मॅनिंगला मिळालं. त्यामुळे मी तरी निम्मा सीझन चुकलेला नसेल त्याला यादीत वर घेत नाही, आणि अख्खा सीझन गेलेला असेल तर डोळे झाकून वर.

काय झालं होतं यावरून कधी परत येईल ते कळतं. एसीएल (गुडघ्याचं लिगामेंट) असेल तर साधारण नऊ महिने ते वर्ष धरा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलेला पुढच्या वीक १ ला उभा राहू शकतो, डिसेंबरमध्ये गेलेल्याचं अवघड. टाचेचा अकिलिस तुटलेला रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा रनर असेल तर मी सहसा हात लावत नाही. सीझन पीयूपी लिस्टवर (अजून खेळायला फिट नसलेल्यांच्या यादीवर) सुरू करणाऱ्याचे किमान चार गेम गेलेच समजा.

पोझिशनवर काय बोलू, अन्यायच आहे. २०१८ ते २०२४ सलग सात वेळा क्वार्टरबॅकच जिंकलाय. २०१८ ला जे. जे. वॉट मोडलेल्या पायातून येऊन १६ सॅक (क्वार्टरबॅकला पास फेकायच्या आत पाडणं) घेऊन बसला होता, तरी अँड्र्यू लकला मिळालं. आणि १९९८ पासून २०२४ पर्यंत ऑफेन्सिव्ह लाइनमन (क्वार्टरबॅकला सांभाळणारा) एकही नाही, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) एकच, गॅरिसन हर्स्ट, २००१. दोन क्वार्टरबॅक यादीत असतील तर आधी त्यांच्याकडे बघा, मनाला पटो न पटो. क्वार्टरबॅक नसेल त्या वर्षी रिसीव्हर, जसा २०१६ ला जॉर्डी नेल्सन, १४ टचडाऊन कॅच घेऊन लीगमध्ये पहिला, नाहीतर २०१७ ला कीनन अॅलन.

कधीकधी मात्र आकडे-बिकडे सगळं फिजूल ठरतं. अलेक्स स्मिथ. नोव्हेंबर २०१८ मध्ये पायाची दोन्ही हाडं मोडून बाहेर आली, मग जखमेत मांस खाणारा जंतुसंसर्ग, पाय कापायची वेळ आली होती, १७ ऑपरेशनं. ऑक्टोबर २०२० मध्ये हा माणूस परत मैदानात उतरला तेव्हा पहिल्याच टॅकलला बघणाऱ्यांनी श्वास रोखला होता. त्याचे आकडे अगदी बेताचे, पण तो सुरुवातीपासून खेळलेल्या सहापैकी पाच गेम वॉशिंग्टनने जिंकले आणि ५० पैकी ४९ मतं त्याला. असा कोणी यादीत असेल तर पैजच लावू नका, मिसळ फुकट जाईल.

सीझन चालू झाला की दर आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. टीमचे इंजरी रिपोर्ट बुधवार ते शुक्रवार येतात, त्यात डीएनपी म्हणजे सरावच केला नाही, लिमिटेड म्हणजे थोडा, फुल म्हणजे पूर्ण. तुमच्या माणसापुढे तीन-चार आठवडे फक्त लिमिटेड दिसत असेल तर जुनं दुखणं गेलेलं नाही, नाव खाली सरकवा. आयआरवरून सराव चालू केला की टीमला २१ दिवसांत त्याला घ्यावं लागतं, नाहीतर सीझन गेला. गेम सगळे बघायची गरज नाही, हायलाइट्स यूट्यूबवर असतात. लाइव्हच बघायचं असेल तर रविवारचे पहिले गेम आपल्याकडे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून त्यांचं घड्याळ बदललं की साडेअकराला. रात्रीचा मोठा गेम आपल्या सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास, घड्याळ बदललं की सातच्या सुमारास सुरू होतो, चहासोबत होऊन जातो.

मतं कधी गोळा करायची? रेग्युलर सीझनचे १८ आठवडे संपले की लगेच, प्लेऑफ सुरू व्हायच्या आत, कारण एपीचं मतदान पण तेव्हाच होतं आणि प्लेऑफमध्ये कोणी काय केलं ते धरत नाहीत. आमच्यात एकाला दरवर्षी प्लेऑफची एक मॅच बघून नाव बदलायचं असतं, अजिबात ऐकू नका. प्रत्येकाने तीन नावं क्रमाने ग्रुपवर टाकायची, मेसेज एडिट केला की बाद. निकाल आला की तुमच्या तीन नावांमध्ये विजेता ज्या नंबरवर असेल तेवढे पॉइंट, ५, ३ किंवा १, नसेलच तर भोपळा. सप्टेंबरमध्ये एक नाव आधीच देऊन ठेवायचं आणि ते लागलं तर वर आणखी ५ असं आम्ही घातलंय, त्याने सगळे पहिल्यापासून लक्ष ठेवतात, नाहीतर जानेवारीपर्यंत ग्रुप नुसता गुड मॉर्निंगवर चालतो.

निकाल एनएफएल ऑनर्समध्ये, सुपर बोलच्या (फायनलच्या) आठवड्यात, अलीकडे तिकडच्या गुरुवारी रात्री असतो म्हणजे आपल्या शुक्रवारी सकाळी, ऑफिसला निघता निघता कळतं. मिसळ रविवारी ठेवा, सोमवारी पहाटे पाचला सुपर बोल आहे, त्याच्या आदल्या दिवशी सगळे मोकळे असतात.

एक राहिलं. २००५ ला ब्रुस्की आणि कॅरोलिनाचा स्टीव्ह स्मिथ यांच्यात टाय झाला होता, दोघांनाही दिलं. क्रमाच्या मतदानात टाय व्हायची शक्यता कमी आहे पण नियम लिहून ठेवा: दोघांपैकी कोणाचंही नाव असेल तर पूर्ण पॉइंट, आणि शेवटून दोघं बरोबरीत असतील तर बिल निम्मं-निम्मं, जास्तीचा पाव ज्याचा त्याने द्यायचा.