बेळगाव भागात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी : घराच्या आतल्या रंगाची निगा

सोलापूर, लातूर किंवा नगरकडून बेळगाव भागात राहायला येणाऱ्या कुटुंबांना येथील बाजार आणि शेजार लवकर आपलासा होतो, कारण मराठी गल्लोगल्ली कानी पडते आणि हार्डवेअरच्या दुकानातही सहज चालते. जुळवून घेण्यास वेळ लागतो तो येथल्या पावसाशी. कोरड्या मुलखात रंग मुख्यतः धुळीने आणि हातांच्या डागांनी खराब होतो, तर येथे जून ते सप्टेंबर या काळात भिंतीत मुरणारी ओल त्याचा पहिला शत्रू ठरते. आम्हीही सोलापूरकडूनच येऊन येथे रुजलो आहोत, म्हणून मुलाबाळांच्या घरात भिंती नेटक्या कशा ठेवाव्यात, हे सविस्तर लिहीत आहे.

एकाच जिल्ह्यात हवा किती बदलते, हे आधी ध्यानात घ्यावे. खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पाऊस अतिशय जोराचा असतो. बेळगाव शहरात तो त्याहून कमी, पण दीर्घकाळ रेंगाळणारा असतो. अथणी आणि रायबागकडे मात्र हवा कोरडी असून तेथे काळ्या मातीची धूळ सांभाळावी लागते. अथणीच्या नातेवाइकाने दिलेला सल्ला खानापुरात जसाच्या तसा लागू पडत नाही.

येथे गणेशोत्सव मोठ्या उत्साहाने होतो आणि गणपतीच्या आधी घर रंगवावे अशी इच्छा प्रत्येकाला होते. ती आवरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रावणात भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून ओलसर असते, आणि अशा भिंतीवर दिलेला रंग पुढच्या काही महिन्यांतच फुगून त्याचे पोपडे निघू लागतात. दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर काम काढावे. त्याहून उत्तम म्हणजे फेब्रुवारी ते मे हा काळ. नवीन गिलावा असेल तर पाणी मारणे संपल्यावरही तो पुरता वाळू द्यावा, आणि इमल्शनच्या (पाण्यात कालवून देण्याच्या रंगाच्या) दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेले तास पेंटरकडून पाळून घ्यावेत. रंग वाळल्यासारखा दिसला तरी तो पक्का होण्यास तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत भिंत ओल्या फडक्याने पुसू नये.

भाड्याचे घर असेल तर सामान लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण काही घरमालक घर सोडताना रंगाचा खर्च डिपॉझिटमधून वळता करतात. घर जुने, जांभ्या दगडाचे किंवा मातीच्या भिंतींचे आणि चुन्याने रंगवलेले असेल, तर त्यावर प्लास्टिक पेंट देण्याचा मोह टाळावा. चुना भिंतीतील ओल बाहेर पडू देतो; प्लास्टिक पेंट ती आत कोंडतो. जुन्या दारे-खिडक्यांवरील ऑइल पेंट कोरडाच घासू नये, हेही लहान मुलांच्या आईवडिलांनी लक्षात ठेवावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना घातक असते.

रंग निवडताना बोळ, जिना आणि मुलांची खोली यांना धुता येणारे, किंचित तकाकी असलेले इमल्शन द्यावे. मॅट रंग सुंदर दिसतो, परंतु घासला की त्या जागी चकाकणारा पट्टा उमटतो आणि तो जात नाही.

आता रोजची निगा, जिच्यावर रंगाचे आयुष्य खऱ्या अर्थाने अवलंबून असते. बेळगाव-खानापूर पट्ट्यातील तांबडी माती बारीक होऊन भिंतीवर बसते. तिच्यावर थेट ओले फडके फिरवले तर ती रंगात भिनते आणि तांबूस ओघळ उरतात. म्हणून आधी मऊ झाडणीने किंवा कोरड्या फडक्याने धूळ काढावी, आणि मगच कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब टाकून पिळलेल्या स्पंजने खालून वर पुसत जावे. वरून सुरुवात केल्यास घाणेरडे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते निघणे कठीण जाते. शेवटी स्वच्छ पाण्याचा हात फिरवून भिंत टिपून घ्यावी. स्विचबोर्डाभोवतीचे डाग पुसण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. देवघरामागची समईची काजळी कधीही ओली करू नये. कोरड्या मऊ ब्रशने ती आधी झटकून घ्यावी. दिवाणाला टेकून बसणाऱ्यांच्या केसांचे तेल जेथे लागते तेथे भिंतीला लाकडी पट्टी किंवा कापडी पडदा लावणे हे वारंवार घासण्यापेक्षा कितीतरी बरे. गणपतीची आरास सेलोटेपने भिंतीला चिकटवू नये, कारण टेप निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतो. आरास स्वतंत्र चौकटीवर उभी करावी.

पावसाळ्यात कपडे घरातच वाळत घालावे लागतात, ते शक्यतो खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन असलेल्या एकाच खोलीत घालावेत. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. कोपऱ्यात काळी बुरशी दिसलीच तर एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून दहा-पंधरा मिनिटांनी धुवावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत आणि त्यात संडास साफ करण्याचे ॲसिड मुळीच मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर फुटणारा क्षार, मात्र पाण्याने धुवू नये, कोरड्या ब्रशने झाडावा. तो पुन्हा पुन्हा येत असेल तर गळका पाइप, गच्चीची भेग किंवा बाहेरून साचलेले पाणी शोधावे. ते दुरुस्त झाल्याशिवाय पुट्टी आणि रंगावर खर्च केलेला पैसा वाया जातो.

काम संपल्यावर उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून त्यावर कंपनी, शेडचा क्रमांक, खोली आणि तारीख लिहून ठेवावी. वर्षाच्या आतील ओरखडा त्याच रंगाने छोट्या रोलरने झाकला जातो. त्याहून जुन्या भिंतीवर ठिगळ उठून दिसते, म्हणून तेथे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतच रंगवून घ्यावी.