सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करताना : आधी प्रश्न, मग मार्गदर्शक, मग संस्था

सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करायचे ठरवले की बहुतेक जण प्रथम प्रवेशाच्या जाहिराती शोधू लागतात. माझ्या मते सुरुवात संशोधनाच्या प्रश्नापासून करावी, त्यानंतर मार्गदर्शक शोधावा आणि संस्थेचा विचार सर्वांत शेवटी करावा. या विद्याशाखेत डॉक्टर, परिचारिका, समाजकार्याचे पदवीधर, संख्याशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ असे सगळेच येतात. त्यामुळे एकाच विषयाकडे प्रत्येक संस्था वेगळ्या नजरेने पाहते, आणि आपला प्रश्न स्पष्ट नसेल तर संस्थेच्या सोयीचा प्रश्न आपल्या गळ्यात पडतो.

एक उदाहरण घेऊ. ‘ऊसतोड कामगार महिलांचे आरोग्य’ हा विषय झाला, त्यात अजून संशोधनाचा प्रश्न नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी बाहेर पडणाऱ्या गरोदर महिलांच्या प्रसूतिपूर्व तपासण्या हंगामात किती सुटतात आणि त्या सुटण्यात मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), बुडणारी मजुरी व टोळीच्या मुक्कामाच्या तळापासूनचे आरोग्य केंद्राचे अंतर यांचा वाटा किती, हा मात्र प्रश्न आहे, कारण त्यात कोणाला, केव्हा आणि काय विचारायचे हे ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे जिल्हावार प्रमाण मिळते. परंतु त्यांतील कोणती स्त्री गरोदरपणी जिल्हा ओलांडून गेली आणि तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावरील नोंदी कोणत्या महिन्यात थांबल्या, हे त्या आकड्यांत दिसत नाही. उपलब्ध माहिती जिथे अपुरी पडते तिथेच पीएच.डी.ला जागा असते. आपल्या विषयावर आधी कोणी प्रबंध लिहिला आहे का, हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात पाहावे आणि निदान दोन-तीन प्रबंधांतील संशोधनपद्धतीचे प्रकरण मुळापासून वाचावे.

मार्गदर्शक निवडताना नावाच्या दबदब्यापेक्षा त्याच्याजवळ वेळ आहे का, हे अधिक महत्त्वाचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा रिकामी आहे का, हे आधीच विचारावे. पत्रासोबत एका पानाचे टिपण जोडावे : प्रश्न काय, तो आताच का महत्त्वाचा आहे आणि माहिती कुठून मिळेल. त्यांच्याकडे सध्या काम करणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलून, लिहून दिलेले प्रकरण शेऱ्यांसह परत यायला किती दिवस लागतात, हे जाणून घ्यावे. पुढच्या वर्षांचा अंदाज या एका उत्तरावरून येतो.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आरोग्यव्यवस्थेचा सामाजिक अंगाने अभ्यास करता येतो, तर देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेत मोठ्या सर्वेक्षणांच्या विश्लेषणाचा. ही कुटुंब आरोग्य सर्वेक्षणे तीच संस्था पार पाडते. वैद्यकीय महाविद्यालयांत काम करणाऱ्यांना नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ सोयीचे असते. राज्याबाहेर तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे अच्युत मेनन केंद्र आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सामाजिक वैद्यक व समुदाय आरोग्य केंद्र यांचा विचार जरूर करावा. वरच्या उदाहरणातील प्रश्न टाटा संस्थेत कामगार व सत्तासंबंधांच्या दिशेने जाईल आणि देवनारला स्थलांतराच्या आकडेवारीच्या दिशेने; आपल्याला कोणती दिशा हवी, हे आपण आधीच ठरवलेले बरे.

प्रवेशासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना त्यात 5 टक्के सवलत असते. जून 2024 पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये असून दोन वर्षांनंतर वरिष्ठ पाठ्यवृत्ती 42,000 रुपयांची मिळते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. अधिछात्रवृत्तीतून राहण्या-जेवण्याचे भागते, पण क्षेत्रकार्याचा प्रवास आणि मुलाखत घेणाऱ्यांचे मानधन यांची तरतूद वेगळी करावी लागते.

नियमाप्रमाणे पीएच.डी.चा कालावधी किमान 3 आणि कमाल 6 वर्षांचा असतो, त्यात किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम येतो आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. जैवसंख्याशास्त्र आणि रोगपरिस्थितिविज्ञान (एपिडेमिऑलॉजी) याच काळात पक्के करून घ्यावे. संख्याशास्त्रज्ञाची मदत घेण्यात काहीच गैर नाही, पण तोंडी परीक्षेत उत्तर आपल्यालाच द्यायचे असते.

खरा वेळ नैतिकता समितीची मान्यता आणि परवानग्या यांत जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आराखडा लिहिण्यापूर्वीच वाचावीत, कारण समिती त्यांच्याच आधारे प्रश्न विचारते. आपल्या उदाहरणात सर्वांत अवघड प्रश्न संमतीचा आहे. मुकादम समोर उभा असताना, त्याच्याकडून उचल घेतलेल्या स्त्रीने दिलेला होकार मोकळा मानता येत नाही. म्हणून मुलाखत कोपीपासून (तळावरच्या झोपडीपासून) दूर, शक्य तर स्त्री संशोधकाने घ्यावी, संमतिपत्र तिच्या बोलीच्या जवळच्या मराठीत वाचून दाखवावे आणि नाही म्हटल्याने तिचे काम वा तपासणी अडणार नाही, हे तिला स्पष्ट सांगावे. मान्यतेचे कागद हाती येईपर्यंत एकही मुलाखत घेऊ नये. मागाहून मिळालेल्या मान्यतेने आधीची माहिती वापरण्याजोगी होत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी आणि कारखान्याच्या तळावर जाण्याची मुभा यांसाठी स्वतंत्र पत्रव्यवहार लागतो, तो समितीकडे अर्ज केल्याबरोबर सुरू करावा. अभ्यासाला परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावे लागते.

नमुना किती मोठा घ्यायचा, येथे अनेक आराखडे अडखळतात. एका तळावरच्या महिलांची परिस्थिती एकमेकींसारखी असते, कारण अंतर, मुकादम आणि आरोग्य केंद्र त्यांना समान असतात. प्रत्येकी 20 महिला असलेले 15 तळ घेतले तर संख्या 300 होते. पण हे साम्य दाखवणारा सहसंबंध 0.05 धरला, तर आराखडा परिणाम (या साम्यामुळे नमुना किती पट मोठा लागतो, ते माप) 1 + (20 − 1) × 0.05 म्हणजे 1.95 येतो आणि त्या 300 महिलांकडून सुमारे 154 स्वतंत्र महिलांइतकीच माहिती हाती लागते. म्हणून एकेका तळावर अधिक महिला घेण्यापेक्षा तळांची संख्या वाढवावी.

वेळापत्रक लोकांच्या कामाकडे पाहून आखावे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात, त्यामुळे जानेवारीत गावात केलेल्या पाहणीत नेमकी ती घरे बंद सापडतील. प्रश्नावली आधी मोजक्या महिलांवर तपासून घ्यावी. तारखेने सांगता येत नसेल तर पोळा, दिवाळी, संक्रांत अशा सणांच्या आधाराने महिना ठरवावा आणि कार्ड असेल तेव्हा तोंडी उत्तर व नोंद दोन्ही स्वतंत्रपणे टिपावीत. त्या दोहोंतली तफावत हाही निष्कर्षच असतो. दिवसभराच्या मुलाखती त्याच रात्री तपासाव्यात, कारण सुटलेले उत्तर दुसऱ्या दिवशी विचारता येते. दोन महिन्यांनी ती टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

विश्लेषणाची योजना माहिती गोळा करण्यापूर्वीच लिहून ठेवावी आणि पद्धतीचे प्रकरण क्षेत्रकार्य चालू असतानाच पुरे करावे. 2022 च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती उरलेली नाही, तरी आपल्या विद्यापीठाचा नियम पाहावा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांत मात्र आपले काम देऊ नये. नंतर ते तिथून सोडवून घेता येत नाही. प्रबंधातील मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो, हे पाहणाऱ्या साम्य तपासणीत 10 टक्क्यांपर्यंत सूट असते, पण स्वतःच्याच शोधनिबंधातील मजकूर वापरताना संदर्भ द्यायचे राहून जाते, तिकडे लक्ष ठेवावे.

प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि त्यानंतर खुली तोंडी परीक्षा होते. तिच्या निकालाची वाट न पाहता निष्कर्षांचा दोन पानी मराठी गोषवारा तयार करावा आणि मार्गदर्शकाच्या संमतीने तो जिल्हा आरोग्य अधिकारी, त्या भागातील आशा आणि गावातील महिला यांच्यापर्यंत पोहोचवावा. आपल्या उदाहरणात तो सप्टेंबरपर्यंत पोहोचायला हवा, म्हणजे टोळ्या निघण्याआधी गरोदर महिलांच्या याद्या त्यांच्या मुक्कामाच्या तालुक्यातील आरोग्य केंद्रांकडे पाठवायला यंत्रणेला महिनाभर तरी मिळेल.